शेत न खाणारे कुंपण

“कुंपणानेच शेत खाल्ले” असे आपण म्हणतो. राखणदारच चोर निघाला, की ही म्हण तोंडी येते. पण काही कुंपणे खरोखरच शेत खातात. त्यांना दात नसतात, तोंड नसते. साधी झाडे ती. पण दहा-वीस वर्षांत एकरभर जमीन गिळून बसतात. अशा एका कुंपणाची हकीकत आम्ही आमच्या वर्गात ऐकली. मग आम्ही स्वतः एक कुंपण लावले. दोन्ही गोष्टी या धड्यात सांगतो.

आमचा वर्ग सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावी भरतो. पाऊस कमी, माळ जास्त आणि शेळ्या घरोघरी. वर्गाला येतात त्या बहुतेक बायका. दिवसभर रानात खपून संध्याकाळी पाटी-पुस्तक घेऊन बसतात. शाळेमागे दोन गुंठे जागा पडून होती. ती २०२२ साली वर्गाला भाजीपाल्यासाठी मिळाली. फेब्रुवारीत एका रविवारी सगळ्यांनी मिळून वाफे बांधले. वांगी, मिरची, टोमॅटोची रोपे लावली. मंगळवारी दुपारी शेळ्या आल्या. संध्याकाळी आम्ही गेलो तर वाफ्यांत नुसती खुंटे उभी होती.

त्या दिवशी वर्गात वाचन झाले नाही. कुंपण कसले घालायचे, हीच चर्चा झाली.

तारेचे कुंपण चांगले, पण खांब आणि तार यांचा खर्च वर्गाला झेपणारा नव्हता. बोरी-बाभळीच्या काट्या तोडून आणून घालता येतात. आपले वाडवडील तेच करीत आले. पण काट्या वाळतात, त्यांना वाळवी लागते, आणि उरल्यासुरल्या कोणीतरी चुलीला नेतो. दरसाल नवे काटे, दरसाल तीच मेहनत. तेव्हा जिवंत झाडांचे कुंपण लावावे, यावर सगळ्यांचे एकमत झाले.

“मग वेडी बाभळ लावा की,” एक बाई म्हणाल्या. “बी फुकट. पानी नको. शेरडाची टाप न्हाई आत यायची.”

बऱ्याच जणींनी माना हलवल्या. आम्हालाही प्रथम ते पटल्यासारखे झाले. तेवढ्यात भिंतीशी बसणाऱ्या एक आजी बोलल्या. या आजी वर्गात फारसे बोलत नसत.

“त्ये सोडून बोला, बाई. त्या बाभळीनं माझा मळा खाल्लाय.”

आजींची हकीकत

आजी त्या घरी सून म्हणून आल्या १९७४ साली. १९७२ चा दुष्काळ सरून दोनच वर्षे झाली होती. माळावर हिरवे काही उरले नव्हते. सासऱ्यांची ओढ्याकाठी तीन एकर जमीन होती. जनावरांपासून पीक राखावे म्हणून त्यांनी बांधाने वेड्या बाभळीचे बी टोकले. पाणी घातले नाही, खत घातले नाही. तिसऱ्या वर्षी असे दाट कुंपण झाले, की मांजरदेखील आत शिरेना. गावातले लोक पाहायला येत. सासऱ्यांनी चार जणांना बीही वाटले.

“चार-पाच वरसं झ्याक वाटलं,” आजी म्हणाल्या. “सरपनाला बाहेर जायाला नको. मग शेंगा धरायला लागल्या. पिवळ्या, गोड. शेरडं शेंगा खायाची आन् रानभर लेंड्या टाकायची. पाऊस पडला की लेंडी-लेंडीतनं रोप. पयल्या साली उपटली. दुसऱ्या साली दुप्पट आली. ज्या साली घरात आजारपन आलं, त्या साली उपटायची राहिली. त्येवढं एक साल बास झालं.”

ओढ्याकडची एक एकर जमीन अशी हातची गेली. पुढे सासरे वारले आणि दोघा भावांत वाटणी झाली. ओढ्याकडचा तुकडा आजींच्या मालकांना आला, वरचा धाकट्या दिराला. मग बाभळीची रोपे वरच्या तुकड्यात चढू लागली. धाकटा म्हणे, “तुमचं झाड, तुम्ही काढा.” थोरला म्हणे, “कुंपण बापानं लावलं, मी एकट्यानं का काढू?” या बोलाचालीतून भांडण झाले. १९९६ पासून दोन घरे एकमेकांच्या लग्नाला गेलेली नाहीत.

२०१८ साली आजींच्या मुलाने जेसीबी लावून तो तुकडा साफ केला. खर्च झाला तो ज्वारीच्या दोन हंगामांचा. पण जिथे बुंधा जमिनीत राहिला तिथे पावसाळ्यात पुन्हा कोंब आले. एका बुंध्याला आठ-दहा. आजीचा मुलगा अजून दर उन्हाळ्यात पहार घेऊन जातो.

हे सगळे ऐकताना तिसऱ्या रांगेतली एक बाई मान खाली घालून बसली होती. ती आजींची धाकटी जाऊ. दोघी दीड वर्ष एकाच वर्गात येत होत्या आणि एकमेकींशी बोलत नव्हत्या. आम्हाला त्याचे कारण त्या दिवशी कळले.

झाड कसे पसरते ते आधी पाहा

वेडी बाभूळ म्हणा, विलायती बाभूळ म्हणा, आमच्याकडे काही जण तिला चिलारही म्हणतात. हे झाड मूळचे अमेरिका खंडातले. १८७७ च्या सुमारास ते आपल्या देशात आणले गेले. ओसाड जमिनीवर हिरवळ व्हावी, सरपण मिळावे, हा हेतू. तो हेतू काही खोटा ठरला नाही. आजही गोरगरिबांच्या चुली या झाडावर पेटतात आणि त्याचा कोळसाही होतो. झाडाला शिव्या देऊन काही उपयोग नाही. त्याची चाल मात्र ओळखली पाहिजे.

त्याच्या शेंगेतला गर गोड असतो आणि बी टणक असते. जनावर शेंग खाते, गर पचतो, बी पचत नाही. ते शेणातून, लेंडीतून जसेच्या तसे बाहेर पडते, आणि वर खतही मिळते. म्हणजे ज्या शेळीला अडवण्यासाठी कुंपण लावले, तीच शेळी त्या कुंपणाचे बी पेरीत हिंडते. शिवाय झाड तोडले तरी मरत नाही. जमिनीत खोडाचा जो गड्डा असतो, त्यावर डोळे झोपलेले असतात. वरचे खोड गेले की ते जागे होतात. म्हणून नुसता कोयता चालवून ते हटत नाही. गड्ड्यासकट खणावे लागते. रोप वीतभर असतानाच उपटले तर मात्र काहीच कष्ट नाहीत.

सुबाभळीचेही थोडेफार असेच आहे. चारा म्हणून झाड चांगले. पण शेंगा इतक्या लागतात आणि इतके बी सांडते, की दोन वर्षे लक्ष दिले नाही तर बांधाखाली तिचीच रोपे दाटतात. ज्यांना सुबाभूळ ठेवायची त्यांनी ती शेंगा धरण्याआधी छाटत राहावी.

काही झाडांचे बी पाखरे नेतात. घाणेरी तुम्ही पाहिली आहे. कोणी तिला टणटणी म्हणतात. पिवळी-गुलाबी फुले, खरखरीत पाने, उग्र वास. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती कोलकात्याच्या बागेत शोभेसाठी आली आणि मग बागेबागेतून कुंपणाला लागली. तिची काळी फळे बुलबुल आणि साळुंक्या आवडीने खातात आणि बी कोसभर दूर टाकतात. आज देशभर जंगलांत ती माजली आहे. तिच्याखाली गवत वाढत नाही. गुरांनी पाला खाल्ला तर कावीळ होते, उन्हात कातडी सोलवटते. एका बागेचे कुंपण कोणा एकाचे राहिले नाही, ते असे.

काही झाडे बियांवाचूनही पसरतात. तुकडा पडला की झाड. इथे आम्हाला आमचीच एक चूक सांगितली पाहिजे. पूर्वी दुसऱ्या एका गावी वर्गाच्या अंगणाला आम्ही बेशरमाच्या काड्या लावल्या होत्या. शेळ्या शक्यतो तोंड लावत नाहीत, फुले जांभळी-गुलाबी, काडी खोचली की जगते. आम्ही खूष होतो. छाटलेल्या काड्या आम्ही ओढ्याच्या कडेला टाकत गेलो. पावसाळ्यात त्या वाहत गावच्या तळ्यात गेल्या. पुढे तळ्याचा एक कोपराच बेशरमाने भरला. नाव किती सार्थ आहे! तिथल्या लोकांनी तो दोनदा काढला. आम्ही काढायला गेलो तेव्हा एका म्हाताऱ्यांनी विचारले, “गुरुजी, ह्ये तुमीच शिकवलं न्हवं?” त्याला उत्तर नव्हते. हा पाला चवीची सवय लागून शेळ्यांनी खाल्ला तर त्यांना त्यातून विषबाधाही होते, हे आम्हाला फार उशिरा कळले.

निवडुंगाची गोष्ट तर मोठी गमतीची आहे. फड्या निवडुंगही अमेरिकेकडचा. त्यावर एक किडा वाढतो आणि त्या किड्यापासून लाल रंग मिळतो. तो रंग मिळावा म्हणून १७९५ साली ब्राझीलहून किडा आणला. पण आला तो दुसराच, रंगाला कुचकामी. त्याने रंग दिला नाही, उलट एका जातीचा निवडुंग मात्र फस्त केला. दुसऱ्या जाती उरल्या. लोकांनी त्या कुंपणाला लावल्या. निवडुंगाचा फडा तुटून पडला की तिथेच मूळ धरतो. दक्षिणेत हजारो एकर जमीन निवडुंगाखाली गेली. अखेर १९२६ साली श्रीलंकेतून आणखी एक किडा आणून सोडला. त्याने पाच-सहा वर्षांत बहुतेक निवडुंग संपवला. पण दर झाडाला असा किडा सापडतोच असे नाही. घाणेरीवरही किडे सोडून पाहिले. घाणेरी आहे तिथेच आहे.

घायपाताची चाल हळू असते. त्याला केकताडही म्हणतात. त्याच्या पानाच्या वाखाचे दोर होतात. रेल्वेच्या रुळांकडेने त्याची कुंपणे तुम्ही पाहिली असतील. त्याला मुळाशी पिल्ले फुटतात आणि रांग हळूहळू रुंद होत जाते. दोन वर्षांनी एकदा पिल्ले काढून टाकली तर घायपात हाताबाहेर जात नाही. ज्याला दोर वळायचे आहेत त्याने खुशाल लावावे. भाजीच्या दोन गुंठ्यांना मात्र ते फार जागा खाते.

हे सगळे फळ्यावर लिहून झाल्यावर वर्गात एक मुद्दा निघाला. परदेशचे झाड वाईट आणि आपले चांगले, असे समजायचे का?

आम्ही म्हटलं, तसे नाही. आपली साधी बाभूळ घ्या. नांगर, कुळव, गाडीचे चाक, सगळे तिच्या लाकडाचे. ती १८९० च्या सुमारास ऑस्ट्रेलियात सावलीसाठी आणि चाऱ्यासाठी नेली. तिथे तिच्या शेंगा खाऊन गुरांनी तिचे बी पसरवले आणि आज तिथल्या लाखो हेक्टर कुरणांत ती तण होऊन बसली आहे. आपली बोरही तिकडे तशीच माजली. तिकडचे शेतकरी आपल्या बाभळीला तेच म्हणत असतील जे आजी वेड्या बाभळीला म्हणतात. उलट बोगनवेल पाहा. ती परदेशची, काटेरी, पाणी थोडे मागते. पण आपल्याकडे तिला बी सहसा धरत नाही. जिथे लावाल तिथेच राहते.

म्हणून झाडाचे गाव विचारण्याआधी त्याचे पाय मोजावे. बी कोण नेतो? तुटलेला तुकडा रुजतो का? मुळांतून फुटवे किती लांब जातात? आणि तोडले तर मरते का? रोपवाटिकेत “लवकर वाढते, काही करावे लागत नाही” असे सांगून कोणी रोप देऊ लागला, तर हे चार प्रश्न आधी विचारावेत. ज्या झाडाला काहीच करावे लागत नाही, ते आपल्याला विचारीतही नाही.

आम्ही काय लावले

आमच्या जागेला शेळी अडवणारा काटा हवा होता. शेजारच्या शेतात न शिरणारे झाड हवे होते. आणि शाळा जवळ असल्यामुळे ते पोरांना अपाय करणारे नको होते.

या शेवटच्या अटीने दोन जुनी, नामी कुंपणे बाद झाली. पहिला शेर. पेन्सिलीएवढ्या हिरव्या कांड्यांचा हा शेर कांडी खोचून लागतो, शेळी त्याला हुंगूनही पाहत नाही. पण त्याचा चीक डोळ्यांत गेला तर डोळा सुजतो, दिसेनासे होते. दुसरा मोगली एरंड. त्याचे बी दाण्यासारखे दिसते, चवीला बरे लागते आणि पोरे ते खातात. मग उलट्या, जुलाब आणि दवाखाना. अशा बातम्या अधूनमधून येतातच. माणसांची वर्दळ नसलेल्या दूरच्या शेताला ही झाडे चालतील. शाळेला, अंगणवाडीला, घराच्या ओट्याला नकोत.

करवंदीवर सगळ्यांचे मत पडले. ती आपल्या सह्याद्रीतली. जोडकाटे बळकट, पाने बारमाही हिरवी, पाणी थोडे लागते. फळ खायला मिळते. पाखरे तिचेही बी नेतात, पण रोप हळू वाढते, एकदम माजत नाही, नको तिथे आलेले रोप सहज उपटता येते. तिचा दोष एकच. ती सावकाश वाढते. कुंपण म्हणायला तीन वर्षे तरी लागतात.

रोपे विकत आणली नाहीत. मे महिन्यात आठवड्याच्या बाजारात करवंदे आली. वर्गाने ती विकत घेतली, खाल्ली आणि बिया धुऊन चार दिवसांत पिशव्यांत पेरल्या. करवंदाचे बी जुने झाले की रुजत नाही, म्हणून घाई करावी लागते. पिशव्या लिंबाच्या सावलीत ठेवल्या. रोज एकीची पाणी घालायची पाळी. फळ्यावर पाळीची यादी लिहिलेली असे आणि आपले नाव वाचून बायका येत. नाव वाचता येऊ लागल्याचा त्या वर्षीचा पहिला उपयोग हाच झाला.

आतल्या रांगेला निर्गुडी आणि अडुळसा. दोन्ही आपल्याकडची. दोन्हींना जनावरे सहसा तोंड लावत नाहीत. जूनमध्ये पाऊस झाला की हातभर लांबीचे, अंगठ्याएवढे जाड छाट जमिनीत अर्धे पुरावेत. निर्गुडीचा पाला धान्यात ठेवतात, बाळंतिणीच्या शेकाला लागतो. अडुळसा खोकल्याला घरोघर माहीत आहे. ओल मिळाली तर निर्गुडीला मुळांतून फुटवे येतात. ते कोयत्याने छाटले की भागते.

मागच्या बाजूला, जिथे जागा बरीच होती, तिथे पाच-सहा सागरगोटे टोकले. पोरी खेळतात तेच हे राखी गोटे. बी दगडावर घासून रात्रभर पाण्यात ठेवले नाही तर वर्षभर रुजत नाही, इतके त्याचे कवच कठीण. वेल काटेरी आणि दांडगी. मागे शेत असेल तर लावू नये, ती अंग पसरते. आमच्या मागे शाळेची भिंत आहे.

मेंदीही काही बायकांना हवी होती. मेंदी या हवेत छान वाढते. पण नुसत्या मेंदीत खाली फटी राहतात आणि शेळीचे करडू त्यातून सुळकन जाते. म्हणून ती फक्त दारापाशी लावली. नागपंचमीला तिथे गर्दी होते.

कोकणातल्या वाचकांना हे सगळे कोरडवाहू वाटेल. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे जांभ्या दगडाचा गडगा घालतात, त्यावर करवंद आपसूक येते, आणि निर्गुडीला तिकडे निगडी म्हणतात. बांधाला माणगा बांबू लावण्याची तिकडची रीत फार चांगली. त्याला काटे नसतात, काठी भरीव असते आणि बेट एका जागी राहते. काठ्या विकल्या तर पैसेही होतात.

हिशेब आणि लागवड

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा. आमचे दोन गुंठे शेजारी शेजारी. म्हणजे लांबी ६६ फूट, रुंदी ३३ फूट. चारी बाजूंची बेरीज १९८ फूट. त्यातून ६ फूट दारासाठी सोडले. राहिले १९२ फूट. दीड-दीड फुटावर एक झाड धरले तर एका रांगेला १२८ झाडे. रांगा दोन, म्हणजे २५६. हा हिशेब वर्गातल्या तिघींनी तीन तऱ्हांनी केला आणि तिघींचे उत्तर जुळले. आम्ही करवंदाचे बी मात्र ३०० पिशव्यांत पेरले होते. काही रुजत नाहीत, काही मरतात.

चर दीड फूट खोल आणि दोन फूट रुंद खणला. खालच्या थरात पालापाचोळा, वर शेणखत आणि माती. दोन रांगांतली झाडे समोरासमोर लावली नाहीत, एकाआड एक लावली, म्हणजे पुढच्या दोन झाडांमधली फट मागचे झाड बुजवते. छाट २०२२ च्या जूनमध्ये लावले, करवंदीची वर्षभराची रोपे २०२३ च्या जुलैत. पहिली दोन वर्षे बाहेरून वाळक्या काट्या घातल्याच. रोप लहान असताना तेच राखायचे असते, ते आपल्याला राखीत नाही.

आणि चर हद्दीवर खणला नाही. तीन फूट आत घेतला. काही बायकांना ही जागा फुकट गेली असे वाटले. पण झाड वाढले की दोन्ही अंगांनी फुगते, आणि बाहेरची बाजू छाटायला आपल्याच जागेत उभे राहता आले पाहिजे. शिवाय मुळे शेजाऱ्याच्या पिकाचा ओलावा ओढतात. खणायच्या आधी शेजारच्या शेतकऱ्याला बोलावून दोरी धरून दाखवली. तो म्हणाला, “एवढं कोन इचारतं?”

छाटणीबद्दल एक सांगतो, कारण इथे बहुतेक जण चुकतात. झाड वर जाऊ दिले की खालून उघडे पडते. रोप गुडघ्याएवढे झाले की शेंडा खुडावा. जीव कळवळतो, पण खुडावा. मग बुडापासून फांद्या फुटतात. पुढेही खाली रुंद आणि वर अरुंद असा आकार ठेवावा, म्हणजे खालच्या पानांना ऊन लागते. उंची साडेचार-पाच फूट पुरते.

न्हाणीचा आडोसा

लागवड चालू असताना आजींच्या जाऊबाईंनी एक वेगळाच प्रश्न विचारला. त्यांच्या घरामागे न्हाणी आहे. तिला तीन बाजूंनी जुनी लुगडी आणि पोत्याची तरटे बांधलेली. वारा सुटला की सगळे उडते. “घरात दोन सुना हायत. अंधार असंल तवाच आंघोळ करत्यात. तिथं काय लावता यील? काटं नकोत.”

आडोशाला काटा नको, दाट पान हवे. न्हाणीचे पाणी रोज मिळते, तेव्हा पाण्याची चिंता नाही. तिथे अडुळसा सगळ्यांत बरा, दोन पावसाळ्यांत डोक्याएवढा होतो. ज्यांना फूल हवे त्यांनी जास्वंद किंवा कुंती लावावी, मात्र जास्वंद शेळीला आवडते हे ध्यानात ठेवावे. पाणी जिथे साचते तिथे कर्दळ आणि अळू. कर्दळीचे गड्डे ओलीत सरकत जातात, पण कोरड्या मातीपाशी थांबतात, आणि आमच्या मुलखात कोरडी माती सगळीकडेच आहे.

अडुळशाचे छाट आजींच्या परसात होते. जाऊबाईंनी ते आमच्याकडून मागितले. आम्ही म्हटलं, आमचे लावून संपले, आजींना विचारा. त्या गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आजी वर्गाला आल्या त्या ओल्या पोत्यात गुंडाळलेली मोळी घेऊन. ती त्यांनी तिसऱ्या रांगेत ठेवली आणि आपल्या भिंतीशी जाऊन बसल्या. “बुडका खाली घाला,” एवढेच म्हणाल्या.

२०२५ साली आमच्या कुंपणाचा तिसरा पावसाळा झाला. निर्गुडी आणि अडुळसा खांद्याला लागले आहेत. करवंदी कमरेएवढ्या. दक्षिणेच्या अंगाला अकरा रोपे मेली, कारण २०२४ च्या उन्हाळ्यात तिकडे पाणी पोचले नाही. त्या फटीतून एक शेळी आत आली आणि गवार खाऊन गेली. तिथे नवी रोपे लावून पुन्हा काट्या घातल्या आहेत. वांगी आणि मिरची मात्र वर्गातल्या प्रत्येकीच्या घरी दोन वर्षे जात आहेत.

मे महिन्यात करवंदीला पहिल्यांदा फळ आले, सगळे मिळून ओंजळभर. आतल्या बाजूची करवंदे वर्गाची, हे ठरलेलेच होते. बाहेरच्या बाजूची कोणाची, यावर दोन संध्याकाळी चर्चा झाली. तेवढ्यात शाळेची पोरे येऊन ती खाऊन गेली.